वाचकांचे प्रश्न : स्पेनमध्ये रुळताना, स्पॅनिश शिकताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी स्पेनशी संबंधित पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. ती आवश्यक तेवढी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या विनंतीनुसार नावे दिलेली नाहीत. स्पॅनिश शब्द बहुतेक ठिकाणी माद्रिदमध्ये जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत.

प्रश्न : पुण्यात नोकरी सांभाळून मी स्पॅनिशचा ए२, म्हणजे सहापैकी दुसऱ्या पातळीपर्यंतचा, अभ्यासक्रम पूर्ण केला आणि यजमानांच्या बदलीमुळे गेल्या हिवाळ्यात माद्रिदला, तेतुआन भागात राहायला आले. परीक्षेत गुण चांगले होते. इथे मात्र दुकानात समोरचा माणूस बोलू लागला की एकही शब्द सुटा ऐकू येत नाही आणि माझी वाचाच बसते. त्यामुळे बाहेरची सगळी कामे यजमान इंग्रजीत किंवा फोनवरील भाषांतराच्या आधाराने उरकतात. मी घरी ॲपवर रोज धडे करते, दुपारी आईशी फोनवर बोलते आणि दिवस जातो. आणखी एखादा वर्ग लावावा, की ए२ पुन्हा एकदा पक्के करावे? — एक वाचक, माद्रिद

उत्तर : ए२ पुन्हा पक्के करण्याची गरज नाही, तुमचे व्याकरण कच्चे आहे असे तुमच्या पत्रावरून कुठेच दिसत नाही. अडचण कानाची आहे, आणि कान पुस्तकाने तयार होत नाही. वर्गात शिक्षक शब्द सुटे करून बोलतात. माद्रिदचा भाजीवाला एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दात मिसळतो, ‘कान्सादो’चे (थकलेला) ‘कान्साओ’ करतो, आणि त्यातून तुमच्या वर्गात लॅटिन अमेरिकेतील उच्चार शिकवले असतील तर तिथले ‘ग्रासियास’ (धन्यवाद) इथे ‘ग्राथियास’ होते. शिवाय ‘बोसोत्रोस’ची, म्हणजे अनेकवचनी ‘तुम्ही’ची, क्रियापदे, जी मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात रोजच्या बोलण्यात नसतात आणि म्हणून पुष्कळ वर्गांत घाईने उरकली जातात, इथे पावलोपावली कानावर पडतात. याला सरावायला काही महिने लागतील, पण त्यात धरायचा तो घराबाहेर घालवलेला वेळ, ॲपवर न चुकता भरलेले दिवस नव्हेत.

उच्चाराची धास्ती मात्र सोडून द्यावी. स्पॅनिशमधील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, प आणि क यांत हकार मिसळत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना जे वर्षानुवर्षे साधत नाही, ते मराठी माणसाला पहिल्या दिवशी साधते. ‘मे गुस्ता एल ते’ ही रचनाही ‘मला चहा आवडतो’ अशीच असल्यामुळे वर्गातले इतर जण जिथे अडखळले असतील तिथे तुम्ही अडखळला नसाल. जीभ थरथरवून काढायचा र आणि घशातून येणारा ख एवढे दोन उच्चार कष्टाचे आहेत, आणि ते नीट साधले नाहीत म्हणून टोमॅटो मिळायचे राहत नाहीत.

यजमान बाहेरची सगळी कामे उरकतात हे तुम्ही सोय म्हणून लिहिले आहे. मला तीच अडचणीची खरी जागा वाटते. त्यांचे ऑफिस इंग्रजीत चालते, त्यामुळे त्यांची स्पॅनिश वाढणार नाही, आणि तुमची तयारी असूनही ती वापरली जाणार नाही. दोघांनी बसून कामे वाटून घ्यावीत. बँक आणि घरमालक तूर्त त्यांच्याकडे राहू द्या. भाजी, फळे, पाव, औषधे आणि इमारतीच्या पोर्तेरोशी, म्हणजे दाराशी बसणाऱ्या व्यवस्थापकाशी, होणारे बोलणे तुमच्याकडे घ्या. यजमान सोबत आले तरी पिशवी धरण्यापलीकडे त्यांनी काही करायचे नाही, हे आधीच ठरलेले असावे. अडलेल्या बायकोला मदत न करणे कुणाही नवऱ्याला जड जाते, पण दुकानातली ती दोन मिनिटांची ओढाताण टाळली तर ती पुढे वर्षभर पुरते.

सुपरमार्केटमध्ये तोंड न उघडता महिन्याचा बाजार होतो. म्हणून निदान भाजी-फळांसाठी तिकडे जाऊ नये. तेतुआनमध्ये राहता म्हणजे ब्राबो मुरियो रस्त्यावरची मारावियास मंडई, जी माद्रिदच्या सर्वांत मोठ्या मंडयांपैकी एक आहे, तुम्हाला लांब नाही. तिथल्या गाळ्यांपुढे पुष्कळदा रांग दिसत नाही, माणसे इकडेतिकडे विखुरलेली उभी असतात. नव्याने आलेल्याने ‘किएन एस एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचे कोण, असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायचे. एखाद्या आजी ‘यो’ म्हणतात, आणि त्यांच्यामागे आपला नंबर लागतो. न विचारता नुसते उभे राहिल्यास आपल्यानंतर आलेली माणसे सामान घेऊन निघून जातात. त्यांनी आपल्याला डावलले असे नसते, आपण रांगेत आहोत हे त्यांना कळलेलेच नसते. फळे दाबून, निवडून घेण्याची आपली सवयही इथे चालत नाही. गाळेवाला स्वतःच्या हाताने देतो. खरबूज किंवा ॲव्होकाडो मागितले की तो विचारतो, ‘पारा ओय ओ पारा मान्याना?’ आज कापणार की उद्या, हे कळल्यावर तो त्या बेताने पिकलेले फळ उचलतो. मग ‘आल्गो मास?’, आणखी काही? याला आपले उत्तर ‘नादा मास, ग्राथियास.’ प्रश्न ठरलेले, उत्तरे ठरलेली आणि वस्तू डोळ्यांसमोर असल्यामुळे ऐकू न आलेला शब्दही अंदाजाने कळतो. शनिवारच्या गर्दीत जाऊ नका. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, त्याच वारी, त्याच गाळ्यावर जात राहा. चेहरा ओळखीचा झाला की गाळेवालाच तुम्ही कुठल्या, भेंडीचे काय करता, असे विचारू लागतो आणि ठरलेल्या प्रश्नोत्तरांच्या पलीकडचे बोलणे तिथून सुरू होते.

दुसरी जागा सुचवताना थोडा संकोच वाटतो, कारण तिचे नाव बार. आपल्याकडे बार म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते इथे पूर्णपणे पुसून टाकावे. घराखालच्या बारमध्ये सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या निवृत्त बायका दूध घातलेली कॉफी आणि टोमॅटो चोळलेला भाजलेला पाव घेऊन गप्पा मारत बसलेल्या असतात. दारू घेणे कुणावर बंधनकारक नाही आणि एकट्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. आत शिरताना ‘बुएनास’ आणि निघताना ‘आस्ता लुएगो’ म्हणायचेच. ‘पोनमे उन काफे’, म्हणजे ‘एक कॉफी दे’, असे गिऱ्हाईक सरळ सांगते, त्यात कृपया-आभार फारसे नसतात. कुणी तुमच्याशी तसे बोलले तर तो उद्धटपणा समजू नये. पुणेकरांना याचे फारसे नवल वाटू नये.

‘तू’ आणि ‘आपण’ यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तिथेही मराठी माणसाची जीभ अडते. वर्गात ‘उस्तेद’ आदरार्थी म्हणून शिकवतात आणि आपल्याला ते लगेच पटते. प्रत्यक्षात स्पेनमध्ये दुकानदार, शिक्षक, मुलांच्या मित्रांचे आईवडील, वर्गातला पन्नाशीचा सहाध्यायी हे सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. ऐंशीच्या आजींना, डॉक्टरांना आणि सरकारी खिडकीवर ‘उस्तेद’ वापरावे. समोरच्याने ‘तू’ म्हणा असे सांगितले की लगेच तसे म्हणावे, कारण त्यानंतरही ‘उस्तेद’ चालू ठेवले तर त्यात आदराऐवजी दुरावा जाणवतो.

आणखी एक सवय मोडावी लागेल. काही कळले नाही तरी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावून ‘सी, सी’ म्हणणे आपल्याला सोपे वाटते. औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात ते महागात पडू शकते. त्यापेक्षा कळलेला भाग स्वतः उच्चारून न कळलेल्या जागी थांबावे: ‘दोन गोळ्या, सकाळी आणि…?’ समोरचा माणूस तेवढीच रिकामी जागा भरतो आणि तीही सावकाश. ‘मला समजले नाही’ असे म्हटले तर तो सगळे वाक्य पुन्हा त्याच वेगाने म्हणतो.

वर्गाबद्दल म्हणाल तर लावा, पण घरी येऊन इंग्रजीतून समजावणारा शिक्षक नको. सरकारी ‘एस्कुएला ओफिथियाल दे इदियोमास’ ही भाषाशाळा माद्रिदमध्ये १९११ पासून आहे, आता तिच्या अनेक शाखा आहेत, आणि परदेशी लोकांसाठीचे तिचे स्पॅनिशचे वर्ग खासगी वर्गांच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात; शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्गासाठी नाव नोंदवण्याची मुदत मात्र बरीच आधी संपते, तेव्हा चौकशी आताच करावी. तिथे जागा न मिळाल्यास प्रौढ शिक्षणाची सरकारी केंद्रे आहेत, जिथे नव्याने आलेल्यांना स्पॅनिश विनामूल्य शिकवतात. बाकावर शेजारी मोरोक्कोची, चीनची, युक्रेनची माणसे असतात आणि त्यांच्याशी बोलायला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषाच नसते, हा या वर्गांचा शिक्षकांपेक्षाही मोठा गुण आहे.

आईशी बोलण्याची वेळ मुळीच बदलू नका. दोन ते पाच या वेळात लहान दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात, आणि हिवाळ्यात माद्रिदला तीन वाजतात तेव्हा पुण्यात साडेसात झालेले असतात. दोन्ही घरांना सोयीची तीच वेळ आहे. दुपारी दोनपर्यंतचा आणि साडेपाचनंतरचा वेळ तेवढा फोन आणि ॲप यांच्या हाती देऊ नका.

प्रश्न : मी नाशिकचा असून व्हॅलेन्सियात एम.एस.साठी आलो आहे. चार जणांच्या घरात एक खोली घेतली आहे, करार लेखी नाही, भाडे रोखीने देतो. पत्त्याची महापालिकेत नोंद करायला मालक परवानगी देत नाहीत. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये वाद घालण्याची हिंमत होत नाही. नोंद न करता चालेल का? दुसरे म्हणजे, प्रत्येक अर्जात दोन आडनावे मागतात. तिथे काय लिहावे? — एक विद्यार्थी

उत्तर : चालणार नाही. ही नोंद, जिला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ किंवा नुसते ‘पाद्रोन’ म्हणतात, ही मालकाची मेहेरबानी नसून स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. १९८५ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यातच ते सांगितलेले आहे. सरकारी दवाखान्याचे कार्ड, भाषेचे विनामूल्य वर्ग, वाहतुकीच्या सवलती अशा पुष्कळ गोष्टींसाठी पुढे तोच दाखला मागतात. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असलेल्या विद्यार्थ्याला ओळखपत्रासाठी देशात आल्यापासून महिन्याभरात अर्ज करावा लागतो आणि तिथेही अनेक कचेऱ्यांत पत्त्याचा हाच पुरावा लागतो. म्हणून हे काम लांबवू नका.

लेखी करार असता तर मालकाच्या संमतीचा प्रश्नच आला नसता. तो नसल्यामुळे मालकाची, किंवा ज्या सहनिवासी विद्यार्थ्याच्या नावावर घराचा मूळ करार आहे त्याची, लेखी संमती लागेल. आधी त्या विद्यार्थ्याशी बोला. रोखीच्या भाड्यावर कर भरलेला नसला की मालक नोंदीला घाबरतात, आणि तुमच्या मालकाच्या नकारामागे तेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. वाद घालण्यात अर्थ नाही. काही दिवसांत संमती मिळाली नाही तर खोली बदला आणि पुढची खोली पाहताना भाडे विचारण्याआधी ‘मे पुएदो एम्पाद्रोनार?’, म्हणजे मला इथे नोंद करता येईल का, हा प्रश्न विचारा. उत्तर टाळणाऱ्या मालकाकडे थांबू नका. पैसे घेऊन पत्ता ‘विकणारे’ तुम्हाला भेटतील. तिथे राहत नसताना त्या पत्त्यावर नोंद करणे ही खोटी माहिती ठरते आणि पुढे मुदतवाढीच्या वेळी ती अंगाशी येऊ शकते. कचेरीची वेळ, म्हणजे ‘थीता प्रेबिया’, संकेतस्थळावरून स्वतः घ्यावी; पहिल्या दिवशी जागा दिसली नाही तर वेगवेगळ्या वेळी पुन्हा पाहावे.

खिडकीवर बोलण्याचे म्हणाल तर ही स्पॅनिश अवघड नाही, कारण ती आधीच माहीत असते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, रस्ता, मजला, दार: एवढेच विचारतात. अंक जोडीने सांगण्याचा आणि आपल्या नावाची अक्षरे स्पॅनिश नावांनी उच्चारण्याचा सराव करून जा. तुमचे आडनाव ह पासून सुरू होत असेल तर या सरावाला विशेष महत्त्व आहे, कारण स्पॅनिशमध्ये त्या अक्षराला उच्चारच नाही.

आता आडनाव. स्पेनमध्ये प्रत्येकाला सामान्यतः वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे असतात. आपल्या नावात मधे वडिलांचे नाव येते, आणि अर्ज भरताना ते पहिल्या आडनावाच्या जागी टाकण्याचा मोह कारकुनालाही होतो आणि आपल्यालाही. पासपोर्टवर आडनाव म्हणून जे छापले आहे तेच ‘प्रिमेर आपेयीदो’मध्ये लिहा, दुसऱ्या आडनावाची जागा मोकळी सोडा आणि वडिलांच्या नावासह उरलेले सगळे ‘नोम्ब्रे’ या रकान्यात जाऊ द्या. पाद्रोन, बँक आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखे असले पाहिजे. विवाहित वाचकांसाठी जाता जाता सांगायचे तर स्पेनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोचे आडनाव एकच दिसले की खिडकीवरची बाई तुम्ही भाऊबहीण का, असेही विचारू शकते. विवाहाचा दाखला भारतातून अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण) करून, त्यावर इंग्रजी मजकूर असेल अशा स्वरूपात आणावा. मराठीतून स्पॅनिशमध्ये करणारा अधिकृत शपथबद्ध अनुवादक शोधणे फार जिकिरीचे आहे, इंग्रजीतून करणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : आम्ही बार्सिलोनात राहतो. आम्ही दोघे स्पॅनिश शिकत आहोत, पण सात वर्षांच्या मुलाची सरकारी शाळा कॅटलान या इथल्या प्रादेशिक भाषेत चालते आणि शाळेची पत्रेही त्याच भाषेत येतात. सुरुवातीपासून तो वर्गात जवळजवळ गप्पच असतो. त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी मराठी बंद करून स्पॅनिश बोलावे का? — एक पालक

उत्तर : घरी मराठी बंद करू नये. तुमची स्पॅनिश अजून शिकाऊ आहे. ती मुलाला देऊन त्याचा फायदा होणार नाही आणि आईवडिलांशी मनातले बोलण्याची त्याची एकमेव भाषा मात्र हातची जाईल. मुंबईच्या कोणत्याही इमारतीत मुले मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच संध्याकाळी बोलतात, तेव्हा तीन भाषांनी मूल गोंधळते ही भीती आपण तरी बाळगू नये. नव्या भाषेच्या शाळेत गेलेली मुले सुरुवातीचे काही महिने नुसती ऐकतात, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. या काळात ‘आज काय शिकलास, बोलून दाखव’ असा आग्रह धरू नका. मैदानावर तो इतर मुलांबरोबर खेळतो की नाही, एवढे शिक्षिकेला विचारा. खेळत असेल तर थांबा. खेळतही नसेल, किंवा घरीही बोलणे कमी झाले असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. नव्याने आलेल्या मुलांसाठी कॅटलोनियातील अनेक शाळांत स्वागतवर्ग असतो, तिथे दिवसातले काही तास भाषा शिकवतात. तुमच्या शाळेत तो आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवावा की स्पॅनिश बोलण्यापुरती येईपर्यंत तीच मुख्य राहील, पण कॅटलानचा प्राथमिक वर्ग लांबणीवर पडणार नाही. कॅटलानच्या प्रसारासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था प्रौढांसाठी प्राथमिक वर्ग विनामूल्य चालवते. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की स्पॅनिश थोडी येऊ लागल्यावर शाळेचे पत्र निम्मे तरी आपोआप वाचता येते, आणि शाळेच्या दाराशी ‘बोन दिआ’ म्हणणाऱ्या पालकाशी इतर पालक अधिक मोकळेपणाने बोलू लागतात.

प्रश्न : स्पेनमध्ये राहायचे तर डेले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा द्यावीच लागते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नुसत्या वास्तव्यासाठी लागत नाही. ही परीक्षा १९९१ मध्ये स्थापन झालेली सर्व्हान्तेस संस्था घेते आणि तिचे प्रमाणपत्र कायमचे असते. नागरिकत्वासाठी मात्र ए२ किंवा वरची पातळी आणि त्याशिवाय राज्यघटना व समाजजीवन यांवरची पंचवीस प्रश्नांची दुसरी परीक्षा लागते, जिच्यात पंधरा उत्तरे बरोबर यावी लागतात. भारतीयांना सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतरच अर्ज करता येतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने त्या वेळी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. नोकरी शोधायची असेल तर बी२, म्हणजे चौथ्या पातळीच्या, तयारीला लागा. ए२ च्या प्रमाणपत्राने मुलाखतीत फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : मुलीकडे माद्रिदला दोन महिने जाणार आहोत. आम्ही दोघेही शुद्ध शाकाहारी, अंडेही खात नाही. बाहेर खाताना कोणती वाक्ये पाठ करावीत? — एक ज्येष्ठ वाचक, सांगली

उत्तर : ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढ्यावर थांबू नका, कारण अनेक ठिकाणी सुके डुकराचे मांस आणि ट्यूना मासा हे ‘कार्ने’त धरलेच जात नाहीत. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएबो’, म्हणजे मांस, सुके डुकराचे मांस, मासे आणि अंडे यांशिवाय, असे चारही म्हणा. मसुराच्या आमटीत बहुधा चोरिथो हे सॉसेज असते, छोल्यांसारख्या दिसणाऱ्या ‘कोथिदो’त मांसच शिजलेले असते आणि मिश्र सॅलडवर ट्यूना घालून आणतात. ‘तोर्तिया’ ही इथे पोळी नसून बटाट्याचे ऑम्लेट आहे. गाझपाचो हे टोमॅटोचे थंड सार, टोमॅटो चोळलेला पाव, तेलात परतून वर मीठ घातलेल्या पाद्रोन गावच्या छोट्या मिरच्या आणि अंडे न घालता मागवलेली ‘पिस्तो’ ही वांगी-भोपळी मिरचीची भाजी तुम्हाला चालेल; सूप किंवा भात मागवताना ‘येबा काल्दो दे कार्ने?’, त्यात मांसाचा रस्सा आहे का, हे मात्र दर वेळी विचारावे. घरी बेसन, जिरे, कोथिंबीर यांची अडचण येणार नाही. लाबापिएस भागात भारतीय आणि बांगलादेशी दुकाने आहेत. नाताळच्या सुमारास जाणार असाल तर ‘पोल्बोरोन’ आणि ‘मान्तेकादो’ ही नानकटाईसारखी दिसणारी बिस्किटे मुलीचे शेजारी आग्रहाने देतील. ती बहुधा डुकराच्या चरबीत केलेली असतात, तेव्हा वेष्टणावर ‘मान्तेका दे थेर्दो’ लिहिले आहे का, हे मुलीला आधी वाचायला सांगावे.